संशोधन डेटाबेसमध्ये नेमकं कसं शोधायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालयाच्या काउंटरवर, ईमेलवर आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणाला बहुतेक ठिकाणी एकच विषय घेतलाय, मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या घरांचा, म्हणजे एक शोध टप्प्याटप्प्याने कसा घडतो ते दिसेल. शोधशब्द आणि जोडशब्द इथे देवनागरीत छापले आहेत. प्रश्न १२ सोडला तर ते डेटाबेसमध्ये इंग्रजीतूनच टाकायचे. घाईत असाल तर ४, ७ आणि १२ एवढे तरी वाचा.

१. गुगल स्कॉलरवर सगळं मिळतं, मग डेटाबेस कशाला?

स्कॉलर वाईट नाही. नव्या विषयाचा अंदाज घ्यायला आम्हीही आधी तेच उघडतो. पण तिथे एका शोधाचे फार तर पहिले १००० निकाल बघता येतात, शब्दाला चांदणी (`*`) लावून त्याची रूपं शोधता येत नाहीत (प्रश्न ५), आणि निकालांचा क्रम कसा लागला ते सांगता येत नाही. प्रबंधात 'मी असा शोध घेतला' असं लिहायचं असेल, तर तोच शोध मार्गदर्शकाला किंवा परीक्षकाला स्वतः करून बघता आला पाहिजे. तिथे स्कॉलर कमी पडतं.

२. माझ्या विषयाला कोणता डेटाबेस बघू?

समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र असेल तर जेस्टोरपासून सुरुवात करा. आपल्या मुंबईतूनच निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंकही तिथे आहेत, आणि गिरण्यांवर लिहायचं तर त्यांना पर्याय नाही. वैद्यकीय विषयाला पबमेड, शिक्षणशास्त्राला एरिक. दोन्ही सर्वांना मोफत. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध शोधगंगावर. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स सगळ्या विषयांना चालतात, पण त्यांना वर्गणी लागते.

यापेक्षा महत्त्वाचा फरक वेगळाच आहे आणि तो कुणी विचारत नाही. जेस्टोर लेखाचा संपूर्ण मजकूर धुंडाळतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स शीर्षक, सारांश, कीवर्ड अशा नोंदी बघतात, आतली पानं बघत नाहीत. त्यामुळे एकच स्ट्रिंग, म्हणजे चौकटीत टाकायची शोधाची ओळ, जेस्टोरवर पूर आणते आणि स्कोपसवर कोरडी जाते. जेस्टोरवर शोध आवळायचा (प्रश्न ९), स्कोपसवर पर्यायी शब्द वाढवायचे (प्रश्न ४).

३. कॉलेजात लेख उघडतो, घरून उघडला की पैसे मागतो. असं का?

प्रकाशक तुम्हाला ओळखत नाही, तो कॉलेजच्या इंटरनेटचा आयपी पत्ता ओळखतो. घरच्या वायफायवर किंवा लोकलमध्ये मोबाइल डेटावर तो पत्ता बदलतो. उपाय संस्थेवर अवलंबून आहे: काही ठिकाणी व्हीपीएन (घरून कॉलेजच्या नेटवर्कमधून जायची सोय) असतो, काही ठिकाणी विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं इन्फेड लॉगिन. केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही नियतकालिकांच्या सामायिक वर्गणीची योजना सुरू झाली आहे. तुमचं कॉलेज त्यात आहे की नाही हे तुमच्या ग्रंथपालांनाच विचारा, वर्गमित्राला नको. लॉगिन मिळाल्यावरही आधी ग्रंथालयाच्या पानावरून आत शिरा. गुगलवरून थेट लेखावर गेलात तर कुलूपच दिसेल.

४. मॅडम, माझा पूर्ण विषय टाकला तरी शून्य निकाल. माझ्या विषयावर कुणी कामच केलं नाही का?

केलं आहे. शून्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की प्रबंधाचं शीर्षक जसंच्या तसं चौकटीत टाकलेलं असतं. 'गिरण्या बंद झाल्यानंतर मुंबईतील गिरणी कामगारांच्या निवासाच्या प्रश्नांचा चिकित्सक अभ्यास' याचं इंग्रजी भाषांतर टाकलं की डेटाबेस त्यातला प्रत्येक शब्द असलेला लेख शोधू लागतो. 'चिकित्सक' आणि 'अभ्यास' हे शब्द विद्यापीठाच्या समितीसाठी आहेत, ते आधी उडवा.

मग संगणक बाजूला ठेवून कागद घ्या. विषयाचे दोन-तीन खांब पाडा. इथे तीन आहेत: जागा, माणसं, घरं. प्रत्येक खांबाखाली दुसऱ्या कुणी हेच लिहिताना कोणते शब्द वापरले असतील ते लिहा. जागेखाली मुंबई येईल तसं बॉम्बेही येईल, कारण शहराचं अधिकृत नाव १९९५ साली बदललं आणि त्याआधीचं सगळं लिखाण जुन्या नावाखाली आहे. गिरणगाव, परळ, लालबाग हेही घ्या. माणसांखाली मिल वर्कर, टेक्स्टाइल वर्कर, कॉटन वर्कर. घरांखाली हाउसिंग, चाळ, टेनमेंट, रीडेव्हलपमेंट.

एका खांबातले शब्द 'ऑर'ने जोडायचे, खांब एकमेकांना 'अँड'ने:

`(मुंबई ऑर बॉम्बे ऑर गिरणगाव) अँड ("मिल वर्कर*" ऑर "टेक्स्टाइल वर्कर*") अँड (हाउसिंग ऑर चाळ* ऑर टेनमेंट*)`

'ऑर'ने जाळं मोठं होतं, 'अँड'ने लहान. पुष्कळ जण उलटं समजतात, कारण बोलताना 'हे आणि ते' म्हटलं की जास्त मिळतं. निकाल कमी आले तर घाबरून 'ऑर' वाढवत बसण्याआधी एक खांब काढून बघा. अनेकदा तिसरा खांबच अडवत असतो. अँड, ऑर, नॉट हे इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाइप करा. काही ठिकाणी लहान अक्षरांतही चालतात, पण मोठी सगळीकडे चालतात.

५. चांदणी कुठे लावायची?

शब्दाच्या धडानंतर, जिथपर्यंत सगळी रूपं सारखी आहेत तिथे. `वर्कर*` म्हटलं की एकवचन-अनेकवचन दोन्ही येतात. मात्र धड फार आखूड कापू नका. गिरणीसाठी `मिल*` टाकलंत तर मिलियन, मिलेनियम, मिलेट म्हणजे ज्वारी-बाजरीवरचे कृषिशास्त्राचे लेख, आणि मिलर आडनावाची अख्खी फौज दारात उभी राहते. अशा वेळी 'मिल' आणि 'मिल्स' हे दोन शब्द 'ऑर'ने लिहिणं बरं.

आपल्या ठिकाणांच्या नावांना मात्र चांदणी फार उपयोगी आहे. लालबागचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी सापडतं. `लालबा*` तिन्ही पकडतं. सोबत बंगळुरूची बाग आणि ढाक्याचा किल्लाही येतो, म्हणून मुंबईचा खांब सोडू नका.

शब्दाच्या मधलं अक्षर बदलत असेल तर वेगळी चिन्हं आहेत. 'लेबर'च्या ब्रिटिश स्पेलिंगात 'यू' असतो, अमेरिकन स्पेलिंगात नसतो. त्या जागी एब्स्को या वर्गणीच्या डेटाबेस-संचात `#` आणि वेब ऑफ सायन्समध्ये `$` चालतं. चिन्ह आठवत नसेल तर दोन्ही स्पेलिंगं 'ऑर'ने लिहा, कुणी मार्क कापत नाही.

६. अवतरणचिन्हं लावली की निकाल गायब होतात.

दोन शक्यता. एक, ते शब्द तुम्ही लिहिले त्याच क्रमाने, एकमेकांना चिकटून कुठेच आलेले नाहीत. 'मिल वर्कर्स हाउसिंग' असा वाक्प्रयोग अवतरणात घातलात तर 'हाउसिंग फॉर मिल वर्कर्स' लिहिणारा बाद होतो. अवतरणात दोन शब्द पुरेत, फार तर तीन. क्रम मागेपुढे होणार असेल तर प्रश्न ९.

दुसरी शक्यता कुणाच्या लक्षात येत नाही. स्ट्रिंग वर्डमध्ये तयार करून किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी करून आणलेली असते. त्यात सरळ अवतरणचिन्हांची वाकडी, गोलाईदार झालेली असतात आणि काही डेटाबेस ती ओळखतच नाहीत. डेटाबेसच्या चौकटीत जाऊन ती खोडा आणि पुन्हा टाइप करा. 'साइट बिघडली आहे' म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी एवढ्यावर मिटल्या आहेत.

स्कोपसमध्ये आणखी एक मेख आहे: दुहेरी अवतरणात तो थोडा सैल शोधतो. अगदी तंतोतंत हवं असेल तर महिरपी कंस वापरायचा.

७. कंस नाही घातले तर काय बिघडतं?

प्रत्येक डेटाबेसचा अर्थ लावण्याचा क्रम वेगळा आहे, आणि तो तुम्हाला विचारून ठरलेला नाही. हे बघा:

`मुंबई ऑर बॉम्बे अँड हाउसिंग`

वेब ऑफ सायन्स आधी 'अँड' सोडवतं. म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही मागितलंत: बॉम्बेमधल्या घरांवरचे लेख, आणि शिवाय 'मुंबई' शब्द असलेलं जगातलं सगळं. डेंग्यू, शेअर बाजार, खाडीतलं प्रदूषण, सगळं. स्कोपस आधी 'ऑर' सोडवतं, त्यामुळे तिथे हीच ओळ तुमच्या मनासारखी चालते. पबमेड डावीकडून उजवीकडे जातं. एकच ओळ, आणि ती कुठे टाकली यावर निकाल ठरतो.

`(मुंबई ऑर बॉम्बे) अँड हाउसिंग` असं लिहिलं की तिन्ही ठिकाणी अर्थ एकच. उघडलेले कंस आणि बंद केलेले कंस मोजून सारखे आहेत का बघा. लांब स्ट्रिंगमध्ये शेवटचा कंस राहतोच.

८. नको असलेले लेख 'नॉट' लावून काढू का?

शक्यतो नको. समजा अहमदाबादच्या गिरण्यांवरचे लेख मध्ये येतायत म्हणून तुम्ही `नॉट अहमदाबाद` जोडलंत. ज्या लेखात मुंबई आणि अहमदाबादच्या कामगारांची तुलना आहे तोही गेला, आणि कदाचित तोच तुमच्या दुसऱ्या प्रकरणाचा कणा होता. गेलेला लेख दिसत नाही, म्हणून चूक कळतही नाही. 'नॉट' तेव्हाच वापरा जेव्हा तो शब्द संपूर्ण वेगळ्या जगातला आहे (प्रश्न १० मधले बोंबील बघा). स्कोपसमध्ये 'अँड नॉट' असं लिहितात.

९. दोन्ही शब्द लेखात आहेत, पण एक पान २ वर आणि दुसरा पान ३० वर. काय करू?

यालाच प्रॉक्सिमिटी सर्च म्हणतात: दोन शब्दांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते सांगायचं. जेस्टोरसारख्या संपूर्ण मजकूर शोधणाऱ्या ठिकाणी हे हत्यार सगळ्यात धारदार. तिथे ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये ५, १० किंवा २५ शब्दांचं अंतर निवडता येतं.

बाकीच्यांची भाषा वेगवेगळी आहे. एब्स्कोमध्ये `एन५`, म्हणजे पाच शब्दांच्या आत, क्रम कोणताही. `डब्ल्यू५` म्हणजे पाचच्या आत पण याच क्रमाने. स्कोपसमध्ये मात्र `डब्ल्यू/५` ला क्रम लागत नाही. क्रम हवा असेल तर `प्री/५`. वेब ऑफ सायन्समध्ये `निअर/५`; आकडा दिला नाहीत तर तो आपणहून १५ धरतो. अक्षर तेच आणि अर्थ उलटा, त्यामुळे एका डेटाबेसची स्ट्रिंग दुसऱ्यात जशीच्या तशी चिकटवू नका.

`(मिल ऑर टेक्स्टाइल) एन५ स्ट्राइक*` ही ओळ 'स्ट्राइक' एकट्याने टाकण्यापेक्षा कितीतरी चांगली. एकटा टाकलात तर हवाई हल्ले आणि वीज पडण्याच्या घटना हजर होतात. अंतर किती ठेवायचं? पाचाने सुरुवात करा, कमी पडलं तर दहा. त्यापुढे गेलात की 'अँड' आणि यात फारसा फरक उरत नाही.

१०. 'बॉम्बे' टाकलं की भलतेच लेख येतात. भौतिकशास्त्राचे का येतात?

तुम्ही 'ऑल फील्ड्स'मध्ये शोधताय म्हणून. त्या रकान्यांत लेखकाच्या संस्थेचं नावही असतं, आणि आयआयटी बॉम्बेचं नाव आजही तेच आहे. पवईतून लिहिलेला प्रत्येक शोधनिबंध, विषय अर्धवाहक असो की पूल, तुमच्या यादीत येतो. विधीच्या विद्यार्थ्यांना बॉम्बे हायकोर्टाचं हेच होतं. शोध शीर्षक, सारांश आणि कीवर्ड या तीन रकान्यांपुरता ठेवा. स्कोपसमध्ये हा तिन्हींचा मिळून एकच पर्याय असतो.

पबमेडवर तर याहून मजा. तिथे 'बॉम्बे' म्हटलं की १९५२ साली मुंबईत पहिल्यांदा नोंदवलेला बॉम्बे रक्तगट येतो, आणि बॉम्बे डक, म्हणजे आपला बोंबील. इथे `नॉट` बिनधास्त लावा. गिरणी कामगारांच्या घरांवरच्या लेखात बोंबील आले तरी ते स्वयंपाकघरातच असणार.

११. सब्जेक्ट हेडिंग आणि कीवर्ड यात फरक काय?

कीवर्ड लेखकाचा, सब्जेक्ट हेडिंग अनुक्रमणिका करणाऱ्याचं. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांना होणारा श्वासाचा आजार घ्या. कुणी 'कॉटन डस्ट' लिहील, कुणी 'ब्राउन लंग', कुणी नुसतं 'रेस्पिरेटरी सिम्प्टम्स'. पबमेडमध्ये मेश नावाची शब्दसूची आहे, तिच्यात या आजाराचं ठरलेलं नाव बिसिनोसिस. ते हेडिंग वापरलं की लेखकाने कोणताही शब्द लिहिलेला असो, अनुक्रमणिकेत तिथे नोंदलेले सगळे लेख एका जागी मिळतात.

मग फक्त हेडिंगनेच शोधावं का? नाही. ताज्या लेखांना हेडिंग लागायला वेळ लागतो, ते सुटतात. म्हणून हेडिंग आणि साधे शब्द 'ऑर'ने जोडून दोन्ही घ्या. आणखी एक: पबमेड साध्या शब्दाला आपणहून योग्य हेडिंगशी जोडून घेतं, पण शब्द अवतरणात टाकलात किंवा चांदणी लावलीत की हे जोडणं बंद होतं. म्हणून तिथे चांदणी लावल्यावर कधी कधी निकाल वाढायच्या ऐवजी घटतात.

१२. मराठीतून शोधलं तर काहीच सापडत नाही. मराठीत काम झालेलंच नाही का?

काम आहे, अक्षरांचा घोळ आहे. शोधगंगावर किंवा मराठी नियतकालिकांच्या संग्रहात शोधताना चार गोष्टी तपासा.

पहिली, प्रत्यय. इंग्रजी शब्दाची रूपं डेटाबेसला बरीचशी कळतात, मराठीची बहुधा कळत नाहीत. गिरणी, गिरण्या, गिरणीत, गिरण्यांमधील हे त्याच्या लेखी चार वेगळे शब्द. जिथे चांदणी चालते तिथे `गिरण*` टाका, गिरणगावही सोबत येईल. पण `संप*` टाकू नका: संपादक, संपूर्ण आणि संपत्ती असे तिघे येऊन बसतील. तिथे संप, संपाचा, संपात, संपकरी असे सुटे शब्द 'ऑर'ने लिहिणं हाच मार्ग.

दुसरी, डोळ्यांना न दिसणारी. 'शेतकऱ्यांचा' आणि 'शेतकर्‍यांचा' हे दोन शब्द स्क्रीनवर सारखे दिसतात. पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड वापरला यावर ते ठरतं, आणि शोधयंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटू शकतात. वऱ्हाड, दऱ्या, कर्मचाऱ्यांचे, सगळ्यांची हीच गत. दोन्ही पद्धतींनी टाइप करून बघा, किंवा तो अवघड तुकडा टाळून आधीच्या अक्षरांवर चांदणी लावा. मुंबई आणि मुम्बई हाही असाच प्रकार, फक्त तो निदान दिसतो.

तिसरी, जुनं लेखन. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम सरकारने १९६२ साली स्वीकारले. त्याआधीच्या छापील मजकुरात नाहीं, घरें, गिरणींत असे अनुस्वार जागोजागी आहेत. १९३०च्या दशकातल्या कामगार चळवळीवर शोधताना आजचं शुद्धलेखन वापरलंत तर तो काळच तुमच्या हाती लागणार नाही.

चौथी, फाइल. मराठी प्रबंधांच्या अनेक पीडीएफ नुसत्या स्कॅन केलेल्या असतात, किंवा युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली, तर त्या फाइलच्या आत शोधणं व्यर्थ. मग फक्त शीर्षक, संशोधकाचं नाव आणि मार्गदर्शकाचं नाव या रकान्यांवर भिस्त. शोधगंगावर मराठी प्रबंधाचं शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत तर कधी इंग्रजी भाषांतरात नोंदलेलं असतं. तिन्ही करून बघा. प्रबंधाची प्रकरणं तिथे वेगवेगळ्या फाइलींत असतात हेही ध्यानात असू द्या, पहिली फाइल उघडून 'यात काही नाही' म्हणू नका.

१३. वर्ल्डकॅटवर मराठी पुस्तक नावाने सापडत नाही.

वर्ल्डकॅट म्हणजे जगभरातल्या ग्रंथालयांची एकत्रित सूची. परदेशी ग्रंथालयं मराठी पुस्तकं ज्या रोमन लिप्यंतराने नोंदवतात ते आपल्या रोजच्या इंग्रजी स्पेलिंगपेक्षा वेगळं आहे. 'च'साठी नुसतं 'सी' लिहितात, 'सीएच' नाही. शब्दाच्या शेवटचा अ उच्चारला जात नसला तरी लिहितात, म्हणून 'इतिहास'च्या शेवटी एक जास्तीचा 'ए' लागतो. 'चाळ' शोधायची तर सी, ए, एल, ए. अक्षरांवरच्या आडव्या रेघा आणि खालचे टिंब टाइप करायची गरज सहसा पडत नाही. एवढं करूनही नाही मिळालं तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. १८९८पासूनची संस्था आहे, आणि तिथला बराच माल अजून कुठल्याच ऑनलाइन शोधात येत नाही.

१४. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत भायखळा शोधतोय, मिळत नाही.

आजचा उच्चार विसरा, साहेबाचं स्पेलिंग आठवा. भायखळा म्हणजे 'बायकला', ठाणे म्हणजे 'टॅना', वांद्रे 'बँडोरा', पुणे 'पूना', गिरगावच्या शेवटी 'यूएम', परळला शेवटी दोन 'एल'. प्रोक्वेस्ट या वर्गणीच्या डेटाबेसवरच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या जुन्या अंकांत किंवा एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनी या डिजिटल संग्रहात शोधताना अशी यादी आधीच करून ठेवा. शिवाय तिथला मजकूर यंत्राने चित्रावरून वाचलेला आहे. पुसट छपाईत 'सी'चा 'ई' होतो, आणि ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द दोन तुकड्यांत नोंदला जातो. म्हणून अशा ठिकाणी लांब वाक्प्रयोगापेक्षा दोन छोटे, ठळक शब्द जवळजवळ शोधणं (प्रश्न ९) फळतं.

१५. १९८२च्या संपावर शोधतोय. तारीख १९८२ टाकली तर फारच थोडं आलं.

तो रकाना लेख कधी छापला त्याचा आहे, घटना कधी घडली त्याचा नाही. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, त्यावर अजून लिहिलं जातंय. तारीख १९८२ ते आजपर्यंत ठेवा आणि '१९८२' हा आकडा शोधशब्द म्हणून शीर्षक-सारांशात टाका. त्या वेळचं वार्तांकन वेगळं हवं असेल तर मात्र १९८२-८३ची मर्यादा घालून दुसरा शोध घ्या. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तेव्हा शेवटची तारीख काय लावायची हा वाद तुमच्या मार्गदर्शकांशी घाला.

१६. 'पीअर रिव्ह्यूड'वर टिक केली म्हणजे सगळे लेख तपासलेले ना?

नाही. ती टिक नियतकालिकाला लागते, लेखाला नाही. त्याच नियतकालिकातलं संपादकीय आणि पुस्तक परीक्षणही त्या यादीत येतं. बाकीच्या फिल्टरांचंही असंच आहे: पबमेडमध्ये वय किंवा 'ह्युमन्स' असा फिल्टर लावला की अजून मेश हेडिंग न लागलेले ताजे लेख गळतात (प्रश्न ११). फिल्टर सगळ्यात शेवटी लावा, आणि लावण्याआधीचा आकडा टिपून ठेवा.

१७. जेस्टोरवर गेल्या वर्षीचे अंक का नाहीत?

पुष्कळ नियतकालिकांबाबत तिथे ठरावीक वर्षांची, दरवर्षी पुढे सरकणारी मर्यादा असते, बहुधा तीन ते पाच वर्षांची. नवे अंक प्रकाशकाच्या साइटवर बघा.

१८. एक अगदी नेमका लेख सापडलाय. पुढे काय?

उत्तम. आता चौकटीत नवे शब्द टाकणं थांबवा आणि त्या लेखालाच विचारा. मागच्या संदर्भसूचीतून जुनं काम मिळेल. 'साइटेड बाय'वरून त्यानंतरचं. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे दुर्लक्ष होतं: त्या लेखाने वापरलेले शब्द. गिरण्यांच्या जमिनीवरचा एखादा लेख वाचलात की 'डीसीआर ५८' हा उल्लेख दिसेल, म्हणजे गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाचा १९९१चा नियम. तो माहीत नसताना कुणी शोधशब्द म्हणून टाकणार नाही. माहीत झाल्यावर `"डीसीआर ५८" ऑर "मिल लँड*" ऑर म्हाडा` असा अख्खा नवा खांब उभा राहतो. प्रश्न ४ची स्ट्रिंग त्याच्यासह पुन्हा चालवा.

१९. पाटील आडनावाच्या लेखकाचे सगळे लेख कसे काढू?

आडनाव आणि आद्याक्षर टाकून निघणार नाहीत, महाराष्ट्रात राहताय. लेखकाचा ऑर्किड, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा १६ अंकी क्रमांक, असेल तर तो वापरा. स्कोपसमध्ये लेखकाचं स्वतंत्र पानही असतं. तेही दोन माणसांचं एकत्र झालेलं किंवा एकाचं दोनांत विभागलेलं असू शकतं, म्हणून संस्था आणि विषय ताडून बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकांसाठी दोन्ही आडनावं 'ऑर'ने जोडा.

२०. स्ट्रिंग चॅटजीपीटीकडून करून घेतली तर चालेल?

पर्यायी शब्द सुचवायला जरूर घ्या, तिथे त्याचा उपयोग होतो. पण कोणत्या डेटाबेसमध्ये कोणतं चिन्ह चालतं यात ते गल्लत करतं. एब्स्कोचं चिन्ह स्कोपसला लावून देतं, आणि शोध चूक न दाखवता चुकीचा चालतो. त्याने दिलेले संदर्भ तर डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून बघितल्याशिवाय वापरूच नका. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख अस्तित्वातच नाही, अशा चिठ्ठ्या घेऊन मुलं काउंटरवर येतात.

२१. सिस्टेमॅटिक रिव्ह्यूसाठी शोधाची नोंद कशी ठेवू?

सिस्टेमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या संशोधनाचा ठरलेल्या पद्धतीने घेतलेला आढावा. त्यासाठी नोंदवायचं ते असं: डेटाबेसचं नाव, तो कोणत्या प्लॅटफॉर्मवर उघडला, शोधाची तारीख, स्ट्रिंग जशीच्या तशी, लावलेले फिल्टर आणि निकालांचा आकडा. हे शोधाच्या दिवशीच लिहा. आठवड्याने तीच स्ट्रिंग चालवलीत तर आकडा बदललेला असतो, कारण नव्या नोंदी रोज पडत असतात. त्यात तुमची चूक नाही. अशा आढाव्याचा अहवाल कसा लिहायचा ते सांगणारी प्रिझ्मा २०२० आणि खास शोधासाठीची २०२१ची प्रिझ्मा-एस या दोन्हींच्या तपासयाद्या मोफत मिळतात. निकाल झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आणून आधी दुबार नोंदी काढा, मगच वाचायला बसा.

२२. मित्राला शोधाची लिंक पाठवली, त्याच्याकडे 'सेशन एक्स्पायर्ड' येतं.

वरच्या पट्टीतला पत्ता त्या बैठकीपुरताच असतो. लेखासाठी डीओआय किंवा 'परमालिंक' पाठवा. शोधासाठी डेटाबेसमध्ये स्वतःचं मोफत खातं काढून शोध 'सेव्ह' करा. तिथेच अलर्ट लावलात की नवा लेख आल्यावर ईमेल येतो.

२३. लेख सापडला, पण आपल्याकडे पूर्ण मजकूर नाही. आता?

आधी शीर्षक अवतरणात घालून गुगल स्कॉलरवर टाका; उजवीकडे मोफत पीडीएफ असते पुष्कळदा. अनपेवॉल हे ब्राउझरमध्ये बसवायचं मोफत साधनही हेच काम करतं. नाही मिळाला तर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात. तिसरा मार्ग आंतरग्रंथालयीन देवघेव. तुमचं ग्रंथालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्य असेल तर लेखाची प्रत मागवता येते, त्यासाठी काउंटरवर अर्ज भरायचा.

भारतीय पुस्तक असेल तर फोर्टमधल्या टाउन हॉलमध्ये राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४च्या कायद्याप्रमाणे देशातल्या प्रकाशकांनी ज्या चार ग्रंथालयांना प्रत द्यायची असते त्यांतलं ते एक. आणि सरकारी कागद हवे असतील, म्हणजे गिरण्यांसंबंधीचे जुने अहवाल, पत्रव्यवहार, तर ते डेटाबेसमध्ये शोधू नका. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे, त्यांची परवानगीची पद्धत आधी विचारून घ्या आणि संस्थेचं पत्र सोबत न्या.